ताईला नको असलेलं राज्य

माझी ताई बावन्नाव्या वर्षी राक्षस मारायला शिकली. तोवर तिने झुरळसुद्धा मारलं नव्हतं, ते खातं भावोजींकडे होतं. मुलगी नोकरीसाठी दूर गेली, जाताना तिचा गेमचा डबा टीव्हीखाली तसाच राहिला, आणि एका रिकाम्या दुपारी ताईने तो सुरू केला. भाला घेतलेली एक लढवय्यी बाई, पाच राज्यं, आणि प्रत्येक राज्यात घराएवढाले राक्षस. पहिल्या राक्षसाने ताईला तीन आठवडे हाणलं. मग एक दिवस तिचा मला कामावर फोन आला. "मेला," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "कोण?" तर म्हणते, "अगं, तो चिखलातला."

तीन वर्षांत तिने तो खेळ चार वेळा संपवला. कोणता राक्षस कधी उडी मारतो, त्याआधी कसा श्वास घेतो, सगळं तोंडपाठ. शेवटी शेवटी ती मान जरा तिरकी करून, टीव्हीकडे अर्धवट बघत खेळायची. मी म्हणायचे, "काय गं हा रुबाब!" ती हसायची. कौतुकाने ती खूश झाली असं मी धरलं, ही माझी अक्कल.

भावोजींचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. पडद्याच्या पलीकडे गिऱ्हाईक भिंतीवरचा तक्ता वाचतं, वर एक मोठं अक्षर, मग दोन, मग तीन, खाली मुंगीएवढी. अलीकडे ताई भाजी चिरत असते. पंचवीस वर्षं हे असंच चाललंय. रोज सकाळी तो तक्ता फडक्याने पुसायचं कामही तिचंच. दर वाढदिवसाला भावोजी तिला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवून डोळे तपासायचे. ती शेवटची ओळ घडाघडा म्हणायची, ते कार्डावर 'उत्तम' लिहायचे आणि भेटेल त्याला सांगायचे, "अख्ख्या गल्लीला चष्मे लावले, घरच्या बाईला काही माझी गरज नाही." भावोजींकडे विनोद तेवढा एकच.

तर त्या खेळाला एक जादा भाग निघाला. वेगळे पैसे भरून घ्यायचा, बुडालेलं राज्य नावाचा. खेळणारे लोक त्याला डीएलसी म्हणतात, ताई म्हणाली, "शेपूट." मला वाटलं, ही आता उड्या मारणार. पण हिचं आपलं नको. पहिल्या दिवशी कारण दिलं, "हे आधीच त्या खेळात का नाही घातलं? अर्धं ताट वाढून उरलेल्याचे वेगळे पैसे मागतात." मला पटलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, राक्षस तेच असतील, नुसते रंग बदललेले. मी मोबाइलवर लोकांची मतं वाचून दाखवली. कोणी लिहिलं होतं, मूळ खेळाहून सरस. कोणी लिहिलं होतं, शेवटचा राक्षस अन्यायाचा आहे, पैसे पाण्यात. ताईने तेवढं 'पैसे पाण्यात' उचललं. मग हाताला कळ येते म्हणाली. मग म्हणाली, या वयात शोभत नाही. चार वेळा शोभलं ते पाचव्यांदा कसं शोभेना, हे विचारायला हवं होतं. एका साध्या नकाराला ताईला इतकी कारणं कधीच लागली नव्हती.

भावोजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "वाढदिवसाला देऊ का तिला ते? नको म्हणते, पण तिला स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की नकोच असतं."

मी बसडेपोच्या चौकशी खिडकीत बसते. गाडी कधी येणार हे मला ठाऊक नसतं, तरी मी ठामपणे सांगते; नोकरीच ती आहे. त्याच थाटात मी म्हटलं, "डोळे झाकून घ्या."

वाढदिवस रविवारी आला. सकाळी रिवाजाप्रमाणे डोळे तपासून झाले, कार्डावर 'उत्तम' लिहून झालं. दुपारी मी तो भाग डब्यात उतरवला आणि रिमोट ताईच्या हातात दिला. तिचा चेहरा उतरला. भावोजी दाराशी मुलासारखे खूश होऊन उभे होते, त्यांच्याकडे तिने एकदा बघितलं आणि बसली.

नवं राज्य सुंदर होतं. हिरवं पाणी, पाण्यात बुडालेली देवळं, त्यावरून जाणारा एक वाकडातिकडा दगडी पूल. ताईने भालेवालीला चार पावलं चालवलं आणि पाण्यात घातलं.

"पूल आहे की समोर," मी म्हटलं.

"दिसतोय मला," ती म्हणाली आणि पुन्हा पाण्यात गेली.

तिसऱ्यांदा गेली, चौथ्यांदा गेली. चिखलातल्या राक्षसाला खेळवणारी माझी ताई साध्या पुलावरून चालेना. मी हसले. अजून ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

भावोजी हसले नाहीत. त्यांना राक्षसांतलं काही कळत नाही, पण ते टीव्हीकडे बघतच नव्हते. ताईच्या डोळ्यांकडे बघत होते.

"मान सरळ कर बघू," ते म्हणाले. तिने केली. "आता पूल कुठल्या बाजूला वळतो?"

ताईने मान पुन्हा तिरकी केली.

ते दुकानात जाऊन ड्रॉवरमधून एक छोटं कार्ड घेऊन आले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीचं ते, त्यावर तीन दातांचा नुसता एक काटा असतो आणि तपासणारा तो हाताने हवा तसा फिरवतो.

"मला वाचता येतं," ताई म्हणाली.

"माहीत आहे. दात कुठे आहेत सांग."

"वर."

दात डावीकडे होते. त्यांनी कार्ड फिरवलं. ती म्हणाली, "खाली." दात वर होते. तिसऱ्यांदा तिने बघितलंच नाही. "ठेवा ते आता," म्हणाली.

"सकाळी शेवटची ओळ वाचलीस तू."

"ती मी पडद्यामागे रोज ऐकते. उलटी म्हणून दाखवू?"

पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे डोळे तपासणारा माणूस हातातलं कार्ड घेऊन स्टुलावर बसला. बायकोला ज्या तक्त्यावर तपासलं, तो तिलाच पुसायला दिलेला होता. गिऱ्हाइकाच्या बाबतीत त्यांच्या हातून हे कधी झालं नसतं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. दीड वर्षापासून नजरेच्या मधोमध एक डाग होता. आधी उजव्या डोळ्यात, मग थोडा डाव्यातही. आमच्या आईचंही असंच झालं होतं. शेवटची नऊ वर्षं ती खिडकीशी बसून पावलांवरून माणसं ओळखायची. ताईला वाटलं, उपाय नाहीच, मग सांगून काय उपयोग? "आणि तुमच्याकडे लोक कोणत्या तोंडाने येतील?" ती भावोजींना म्हणाली. "चष्मेवाल्याची बायको आंधळी." मला तिचा संताप आला. एवढा, की मी रडले नाही, भांडले. आईच्या वेळी उपाय नव्हता म्हणून आता नसेल, हे हिला कोणी सांगितलं? विचारायला आम्ही दोघं मेलो होतो का?

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई शांतपणे बोलल्या. उजव्या डोळ्यातलं गेलेलं परत येणार नाही. डावा डोळा इंजेक्शनं देऊन धरून ठेवू, किती दिवस ते सांगता येत नाही. "वर्षभर आधी आला असतात तर," एवढं बोलून त्या थांबल्या. तेव्हापासून भावोजी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मध्येच थांबतात. भिंतीवरचा तक्ता आता ते दर महिन्याला बदलतात, आणि स्वतःच पुसतात. तो विनोद त्यांनी परत केला नाही.

बुडालेलं राज्य वाया जाणार असं मी धरून चालले होते. पण पहिल्या इंजेक्शननंतरच्या रविवारी ताईने मला बोलावलं. "तू चालव," म्हणाली, "आणि काय दिसतं ते सांगत जा. मला मोजू दे."

मी चालवते, ती मोजते. पुलावर सात पावलं सरळ, मग उजवीकडे, पाण्याचा आवाज मोठा झाला की थांबायचं. मी म्हटलं, "डावा डोळा ठीक आहे ना अजून? टीव्हीच्या जवळ बसून स्वतःच बघ की."

"आहे तोवर पाठ करून ठेवते," ती म्हणाली.

डेपोतला एक ड्रायव्हर तोच खेळ खेळतो. परवा खिडकीशी येऊन त्याने विचारलं, "मॅडम, तो जादा भाग घेण्यासारखा आहे का?" आयुष्यात पहिल्यांदा मला त्या खिडकीतून ठाम उत्तर देता आलं नाही. घेतला नसता, तर ताई अजून चिखलातल्या राक्षसाला मारत बसली असती आणि डावा डोळाही गेला असता. तोच भाग वर्षभर आधी निघाला असता, तर कदाचित उजवाही राहिला असता. त्याला मी म्हटलं, "घ्या, पण घरच्यांसमोर खेळा." तो विचित्र नजरेने बघून गेला.

काल मी गेले तेव्हा ताई एकटीच खेळत होती. भालेवाली पुलावर होती. सात पावलं, उजवीकडे, थांबली, पुन्हा चालली आणि पलीकडे पोहोचली. मी टाळी वाजवणार होते, तेवढ्यात मला ताईचं तोंड दिसलं. तिने दोन्ही डोळे मिटून घेतले होते. भावोजी पडदा धरून उभे होते. गिऱ्हाईक हाका मारत होतं, तरी ते हलले नाहीत.