शेजारचे तोर्नाबेने

आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यांना तुम्ही नुसतं 'गुड मॉर्निंग' म्हणालात, तरी दुसऱ्या मिनिटाला तुम्हाला त्यांच्या आडनावाचा अर्थ कळलेला असे. पोस्टमन, वीजवाला, दारोदार धर्मप्रचार करत फिरणाऱ्या बायका, कुणाचीच सुटका नव्हती. "तोर्नाबेने," छातीवर हात ठेवून ते म्हणत, "तोर्ना म्हणजे परत ये. बेने म्हणजे नीट, सुखरूप. हे आडनाव नाही, आशीर्वाद आहे." त्या धर्मप्रचारक बायका पुढे पुढे त्यांचं घर टाळून सरळ आमच्याकडे यायला लागल्या.

अमेरिकेत ॲन आर्बरला आम्ही हे घर घेतलं तेव्हा ते शेजारी होतेच. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको वारलेली, एकुलती एक मुलगी डायना लग्न होऊन अर्ध्या तासावर राहायला गेलेली. आमचा इथला पहिलाच हिवाळा, आणि बर्फ असा की दार उघडेना. शशी, म्हणजे माझा नवरा, खिडकीतून ओरडला, "अगं बघ, सॅलनी आपला ड्राइव्हवे पण क्लिअर केला! माझे बूट घालून होईपर्यंत काम खलास!" सगळे त्यांना सॅलच म्हणत. मी तेवढी मिस्टर तोर्नाबेने म्हणायची, आणि पूर्ण आडनाव घेते एवढ्या एका गुणावर मी त्यांची लाडकी झाले.

त्यांचे आजोबा सिसिलीतले, कातानियाच्या बाजूचे. हे आडनाव आलं कुठून, याच्या त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. आजोबा सांगत, की समुद्रावर निघालेल्या नवऱ्यांना बायका किनाऱ्यावरून हेच ओरडून सांगायच्या. दुसरी गोष्ट कुणा शिकलेल्या पाद्र्याची. जुन्या काळी एखादं मूल दगावलं आणि मग दुसरं झालं, की गेलेला जीव सुखरूप परत आला म्हणून त्याचं नाव असं ठेवत, आणि बापाचं ते नाव पुढे मुलांचं आडनाव होई. "यातली खरी कुठली?" मी एकदा विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, "उन्हाळ्यात समुद्राची. हिवाळ्यात बाळाची."

आडनाव तसं दुर्मीळ. सिसिलीच्या त्या एका कोपऱ्यात काही घरं, बाकी इटलीतसुद्धा लोकांना दोनदा सांगावं लागतं, असं ते म्हणत आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान! पूर्वी कुठेही प्रवासाला गेले की मोटेलच्या खोलीत बॅग ठेवायच्या आधी फोनबुक उघडून 'टी'चं पान काढायचे. ओहायोत एकदा एक तोर्नाबेने सापडला. यांनी लगेच फोन लावला, आपली ओळख सांगायला सुरुवात केली, तर पलीकडचा म्हणाला, "मला काही विकत घ्यायचं नाही," आणि फोन आपटला. हा किस्सा ते हसत हसत सांगायचे खरे, पण दर वेळी शेवटी "आवाज माझ्या काकांसारखा होता" असं म्हणायचे.

एकदा त्यांनी मला विचारलं, "कुलकर्णी म्हणजे काय?" मी म्हटलं, गावाचा हिशेब ठेवणारे, आणि आमच्यात ते ढिगानं सापडतात. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत 'कुलकर्णी काकू' अशी हाक मारली की अर्धा हॉल वळून बघतो. पण हे नवऱ्याचं. माझं माहेरचं ताकभाते. त्याचा अर्थ सांगितल्यावर गडी खुर्चीतून उठलाच. "ताक आणि भात! असं आडनाव टाकून हिशेबनीस झालीस?" मी म्हटलं, आडनावाचं काय घेऊन बसलात, माझं पहिलं नावही बदललं. मी शालिनी होते. लग्नात ताटभर तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात 'मेधा' असं लिहिलं, आणि पेढे वाटून झाल्यावर शालिनी संपली.

त्यांना हे काही केल्या पटेना. "मग त्या तांदळांचं काय केलं?"

"शिजवले असतील. मला काय माहीत!"

"म्हणजे तुझं नाव खाल्लं त्यांनी!"

मी पोट धरून हसले. घरी आल्यावर मात्र का कोण जाणे, डोळे भरून आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला मिस ताकभाते म्हणायला सुरुवात केली. कुंपणापलीकडून हाक यायची, "मिस ताकभाते, टोमॅटो घेऊन जा!" आई गेल्यावर माझ्या माहेरचं घर बंद झालं. त्यानंतर सबंध जगात मला त्या नावानं हाक मारणारा हा एकच माणूस उरला होता.

आमच्या रियाचं लग्न ठरलं तेव्हा शशीनं सहज विचारलं, नाव बदलणार का. ती म्हणाली, "बाबा, इट्स माय नेम. चेंज कशाला करू?" आम्हाला तेवढं काही वाटलं नाही, पण तोर्नाबेनेंनी तिला कुंपणावरूनच टाळ्या वाजवून दाद दिली. आणि मग मला हळूच म्हणाले, "डायना लग्नाच्या आठवड्यातच मिलर झाली. माझ्या भावाला मूल नाही. माझ्यानंतर हे आडनाव आमच्या घरातून गेलं."

पुढे डायनाला दिवस गेले. त्यांची मागणी मोठी नव्हती. बाळाचं मधलं नाव तोर्नाबेने ठेवावं, एवढंच. स्वतः विचारायला धजेनात, म्हणून मला गळ घातली, "तुझं ऐकेल ती." मी डायनाकडे विषय काढला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "मेधा, दर वर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी डॅड टीचरसमोर उभे राहून ते भाषण द्यायचे. सगळा वर्ग हसायचा. मला वाटायचं, जमिनीत गाडून घ्यावं. मिलर झाले तेव्हा मी सुटले. माझ्या मुलाचं सगळं नाव साधं असू दे."

हे तिनं वडिलांनाही सांगितलं, प्रेमानंच सांगितलं. मुलगा झाला. नोआ जेम्स मिलर. आजोबांनी त्याला मांडीवर घेतलं, "छान नाव आहे" म्हणाले, आणि त्यानंतर आडनावाचा विषय त्यांनी कायमचा बंद केला. भांडले असते, रुसले असते तर बरं वाटलं असतं. रुसण्याचा स्वभावच नव्हता. आपण ज्यावर एवढा जीव लावला, त्याच्याच पायी पोर लहानपणी दर वर्षी मेल्याहून मेल्यासारखी होत होती, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं.

एकदा नवीन पोस्टवाली आली. पार्सलवरचं नाव वाचून तिनं आपणहून विचारलं, "किती सुंदर नाव! काय अर्थ याचा?" मी माझ्या पायरीवर उभी होते. मनात म्हटलं, आता बाई तू संपलीस. तर ते सही करत म्हणाले, "सॅल. नुसतं सॅल म्हण." आणि मलाही ते मेधा म्हणायला लागले. कुलकर्ण्यांच्या घरात मी सुखी आहे, तक्रार कसलीच नाही, पण त्या 'मेधा'नं माझ्या काळजात कळ आली.

गेल्या मार्चमध्ये ते झोपेतच गेले. दफन झाल्यावर सगळे त्यांच्या घरी जमलो. लोक पांगले, तरी डायना स्वयंपाकघरात तशीच उभी होती. मला म्हणाली, "एक मिडल नेम, मेधा. काय बिघडलं असतं?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पोर तेव्हाही खोटं बोलली नव्हती आणि आत्ताही बोलत नव्हती.

निघायला उठले. दाराशी सवयीनं ओठांवर 'येते' आलं आणि मी ते गिळलं. दुःखाच्या घरून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, मुकाट्यानं उठायचं, हे आईनं लहानपणीच शिकवलेलं. तशी मुकाट्यानं पायऱ्या उतरले आणि बर्फात मध्येच थबकले. आमच्याकडे घराबाहेर पडताना कुणी 'जाते' म्हणत नाही. बाहेर पडणारा 'येतो' म्हणतो, आणि आतून आवाज येतो, 'सांभाळून ये रे.' घरोघरी, रोज, अगदी कोपऱ्यावर दूध आणायला निघालेल्यालासुद्धा. म्हणजे या माणसाचं आडनाव आमच्या दर उंबऱ्यावर राहत होतं. सबंध महाराष्ट्र त्यांच्या घराण्याचा निघाला असता! इतकी वर्षं त्यांच्या दारातून 'बाय, सी यू' म्हणत निघाले, आणि एकदाही मला हे सुचलं नाही. त्या पोस्टवालीच्या दिवशी सुचलं असतं तरी चाललं असतं.

शशी आमचं दार उघडून वाट बघत उभा होता. "आलीस?" म्हणाला.