सोसायटीच्या ओट्यावरचा गोंधळ

कुणाच्याही घरात शिरल्या की त्या आधी पाळण्यापाशी जायच्या. घरातला कर्ता माणूस समोर बाजेवर बसलेला असला तरी त्याच्याकडे ढुंकून न बघता पाळण्यात वाकायच्या आणि तीन महिन्यांच्या बाळाला विचारायच्या, "मालक, येऊ का आत?"

बाळ पाय झाडायचं, तोंडातून फुगे काढायचं.

"या म्हनले," असं घरच्यांना सांगून त्या ऐसपैस बसायच्या.

अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. गावोगाव आहेत. त्यांना आशाताई म्हणतात. ते त्यांचं नाव नव्हे, गावात आरोग्याचं बघणाऱ्या त्यांच्या कामाचं नाव आहे. पण आमच्या नेकनूरकडच्या गावात ते इतकं चिकटलं होतं की खरं नाव फक्त नवऱ्याला माहीत असावं, आणि तोही घाबरून घेत नसावा. सरकार अशा बाईला पगार देत नाही, 'मोबदला' देतं. या शब्दाचा मला इतका संताप आला होता की मी त्यावर एक पत्रक काढलं. त्यात ताईंचा फोटो छापला आणि त्यांना 'शोषित' म्हटलं. पत्रक घेऊन त्या थेट माझ्या दारात.

"शोषित कोन रे? मी? मला शोषून दाखवावं एखाद्यानं. दात पडतील त्याचे."

"ताई, ते धोरणाबद्दल आहे."

"मग धोरनाचा फोटू छापायचा. माझा कामून छापला? आन् छापलाच तर चांगला तरी छापायचा."

उरलेली सगळी पत्रकं त्या घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर गावातली रांगती पोरं माझी पत्रकं चुरगाळत बसलेली. "तुझ्या कागदाचा आवाज लई झ्याक येतो, पुढारी," ताई म्हणाल्या. "लेकरं कान टवकारत्यात. आनखी काढ." माझ्या साहित्याचं एवढं सरळ कौतुक त्याआधी आणि त्यानंतरही कुणी केलेलं नाही.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. प्यायचं पाणी टँकरनं यायचं, आणि कारखान्याच्या बड्या सभासदांचा ऊस मात्र हिरवागार उभा होता. त्यावर मी बोलायला लागलो तर हा लेख संपणार नाही, म्हणून राहू द्या. जनावरं छावणीत गेली तशी गावातली सहकारी दूध सोसायटी बंद पडली. खोलीला कुलूप, आत रिकामे कॅन, बाहेर गार फरशीचा मोठा ओटा. ताईंनी चेअरमनकडून किल्ली मागितली. चेअरमन म्हणाले, ठराव लागेल.

"कशाचा ठराव? दूध न्हाई तर न्हाई, पिनारी लेकरं तर हायत."

किल्ली मिळाली. रोज दुपारी त्या ओट्यावर ताईंचा बाजार भरायचा. बाटलीत तुरीचे दाणे घालून केलेले खुळखुळे, चिंध्यांचे चेंडू, उलथनी, पळ्या. आया, आज्या आणि पोरं. "बोला लेकराशी," हा ताईंचा एकच मंत्र. "भाकरी थापताना बोला, धुनं धुताना बोला. त्याला कळत न्हाई म्हनू नका. तुमच्या नवऱ्याला तरी कुठं कळतंय? बोलताच ना?"

बापांनाही सुटका नव्हती. पारावर बसलेल्या एका बापाच्या मांडीवर त्यांनी त्याचंच बाळ आणून ठेवलं. "बोल त्याच्याशी."

तो बिचारा चारचौघांत लाजला. शेवटी बाळाला म्हणाला, "बोअर आटलं."

"हसून सांग!" ताई ओरडल्या.

"बोअर आटलं रे," तो दात काढून म्हणाला. बाळ खुदकन हसलं. सगळा पार हसला. त्या उन्हाळ्यात बोअर आटल्यावर हसलेलं मी पाहिलेलं ते एकच कुटुंब.

ताईंची एक लाडकी पोर होती. दोन वर्षांची, ऊसतोड करणाऱ्या जोडप्याची. आई-बाप उसात राबायचे आणि ही बांधावरच्या झोळीत. शेजारी ट्रॅक्टर धडधडायचा, ट्रक हॉर्न द्यायचे, मुकादम शिव्या द्यायचा, आणि ही गाढ झोपलेली. सगळ्या टोळीत तिचं नाव होतं. कुणाचं पोर किरकिरलं की बाया म्हणायच्या, "तिच्यावानी गुनाचं न्हाई बाई आमचं." गावी आल्यावर ताईंनीही तिला डोक्यावर घेतलं. ओट्यावर दुसऱ्यांच्या रडक्या पोरांना तिचा दाखला द्यायच्या. ती बोलत नव्हती, पण आजी म्हणायची की तिचा बापही उशिराच बोलला.

दसरा झाला. टोळीची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होती. त्या दुपारी ओट्यावर कुणाचा तरी धक्का लागला आणि दुधाचा रिकामा कॅन फरशीवर आदळला. एवढा आवाज झाला की मी दचकलो. सगळी पोरं एकदम भोकाड पसरून रडायला लागली. ही एकटी खुळखुळ्यातले दाणे निरखत बसली होती.

"बघा," एक आजी म्हणाली, "किती गुनाची!"

ताई काही बोलल्या नाहीत. ताई काही बोलल्या नाहीत, हे वाक्य लिहायची माझ्यावर ही पहिलीच वेळ. त्यांनी कॅन उचलला, पोरीच्या मागं गेल्या आणि फरशीवर आपटला. परत आपटला. पोर वळली नाही.

मग त्या तिथंच बसल्या. "उन्हाळ्यापासनं मी हिचा दाखला द्यायले," एवढंच म्हणाल्या.

पोरीची आई चेहऱ्यांकडे बघत होती. तिला समजायला वेळ लागला नाही. "ताई, मी रोज गानी म्हनायची ओ हिला," ती म्हणाली. "ऊस तोडताना सुद्धा."

"वाया न्हाई गेली. तोंड बघायची ती तुझं," ताई म्हणाल्या आणि उठल्या.

कान तपासणारे डॉक्टर बीडच्या दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी बसणार होते. गाडी गेली की टोळी परतणार उन्हाळ्यात, आणि पोर आईबरोबर उसात. बोलायला शिकायच्या वयातले तेवढे महिने मुक्यानं गेले असते. तपासणीला आई लागणार होती, आणि आई मागं राहू शकत नव्हती. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात; बायको नसली तर मुकादम नवऱ्यालाही गाडीत घेत नाही. आता हा हिशेब कुणी ठरवला, हे विचारायला मी मुकादमाकडे गेलो. गाडी एक दिवस थांबव म्हणून कायदा सांगितला, बालकांचे हक्क सांगितले, आवाज चढवून सांगितले. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं का रे तुझं?" तो म्हणाला. "गाडी पहाटं निघती."

ताई मुकादमाकडे गेल्याच नाहीत. त्या आत चुलीपाशी त्याच्या म्हाताऱ्या आईजवळ जाऊन बसल्या. दरवर्षी गाडीपुढं नारळ म्हातारीच्या हातून फुटायचा. त्याशिवाय चाक हलायचं नाही. ताई हळू आवाजात म्हणाल्या, "मामी, मुक्या लेकराचा तळतळाट लई वंगाळ. त्याला तोंडानं शिव्या देता येत न्हाईत, मग ते मनातून देतं. वाटंत घाट हाय म्हनून सांगायले."

म्हातारीनं नारळ उचलून तांदळाच्या डब्यात टाकला आणि डब्यावर पाटा ठेवला. "उद्या न्हाई जायचं," ती लेकाला म्हणाली. मुकादम आधी चिडला, मग विनवू लागला, शेवटी अंगणात जाऊन ट्रकच्या टायरवर लाथा मारत बसला.

बाहेर आल्या आल्या मी ताईंना गाठलं. माझ्या झोळीत अंधश्रद्धेविरुद्धची ताजी पत्रकं होती. "ताई, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे!"

"हाय ना."

"मग?"

"परवा काढ तिच्यावर पत्रक. उद्या गाडी उभी राहू दे."

सकाळच्या बसनं ताई आणि आई पोरीला घेऊन बीडला गेल्या. एका कानानं काहीच नाही, दुसऱ्यानं थोडं, असं निघालं. कानाला यंत्र लावलं तर फायदा होईल, डॉक्टर म्हणाले. यंत्र यायला वेळ होता. म्हणून पोर आजीजवळ राहिली आणि आई गाडीत चढली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती मागच्या फळीवर हात ठेवून उभी होती.

यंत्रासाठी ताईंनी जे हेलपाटे घातले ते मी पाहिले आहेत. प्रत्येक टेबलावर वेगळी सही, प्रत्येक सही जेवायला गेलेली. या देशात लेकराला ऐकू यावं म्हणून मोठ्या माणसांना इतकं ओरडावं का लागतं, हा माझा प्रश्न आहे. ताईंचा प्रश्न नव्हता. त्या ओरडायला मिळतंय म्हणून खूश दिसायच्या.

थंडीत यंत्र आलं. कानात बसवल्याबरोबर ताईंनी तोंड उघडलं. चिमणी, कावळा, म्हैस, चेअरमन, सगळ्यांचे आवाज एका दमात. पोर डोळे विस्फारून ऐकत राहिली. मग तिनं यंत्र काढलं, ताईंच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची बोटं एकेक करून मिटवली.

ताई इतक्या हसल्या की पदरानं डोळे पुसत बसल्या. आम्हा कुणालाच आजवर ते धाडस झालं नव्हतं.

गेल्या वर्षी ताई लेकीकडे गेल्या, कायमच्या. नवी आशाताई चांगली आहे. हळू बोलते. गाव जरा जास्तच शांत झालंय, आणि चेअरमननं ओट्याला जाळी बसवली आहे.

मला मात्र त्या आठवतात त्या टोळी परतली त्या दिवशीच्या. उन्हानं तापलेल्या ओट्यावर पोर यंत्र लावून बसली होती. ट्रक वळणावर आला आणि ड्रायव्हरनं गाव दिसल्याच्या आनंदात लांबलचक हॉर्न दिला. पोर किंचाळली. रडत, पडत, ताईंच्या लुगड्यात शिरली आणि तिथून बाहेर यायलाच तयार होईना. आई ट्रकमधून उडी मारून धावत आली आणि मधेच थबकली. लेक भ्यायली होती, आणि आई रस्त्यात उभी राहून हसत होती, रडत होती.

ताईंनी पोरीला लुगड्यातून ओढून काढलं आणि पुढं केलं.

"घे बाई," त्या म्हणाल्या, "बिघडवून ठेवली तुझी पोर."