थोरल्या सिस्टरांबरोबर कुलपात

गोवंडीहून माझी बदली बोरिवलीला झाली, तेव्हा मला कारण सांगितलं गेलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या धर्मभगिनींच्या संस्थेत तशी पद्धतच आहे. व्रतं घेताना आज्ञापालनाचं वचन दिलेलं असतं. गोवंडीत मी आमच्या छोट्या दवाखान्यात नर्स होते. खोकणारी माणसं, खरजेनं हैराण झालेली पोरं, दारात भांडणाऱ्या बायका. रात्री अंगाला डंपिंगवर जळणाऱ्या कचऱ्याच्या धुराचा वास यायचा, पण झोप छान लागायची.

बोरिवलीला आम्ही चौघी. घराच्या प्रमुख म्हणजे सुपीरियर, शाळेत शिकवणारी एक तरुण सिस्टर, मी आणि थोरल्या सिस्टर. थोरल्या सिस्टर ऐंशीच्या पुढच्या. उभा जन्म शाळेत गणित शिकवलेलं, आणि आता सकाळी काय खाल्लं तेही आठवायचं नाही. त्यांना सांभाळायला मला आणलंय, हे मला आल्यावर कळलं.

त्यांचं माहेर किनाऱ्यावरच्या गावातलं, वडील होडीवर जायचे. दुपार कलली की त्या पिशवी घेऊन फाटकाशी जाऊन उभ्या राहत. "घरी जाते गं," म्हणत. एकदा खरंच निघून गेल्या आणि गोराईच्या बसस्टॉपवर सापडल्या. तेव्हापासून फाटकाला कुलूप, आणि किल्ली सुपीरियरच्या कमरेला.

कुलूप त्यांच्यासाठी होतं, पण आत मीही होते. चर्चला जायला मागून आतलाच रस्ता. भाजी मोबाइलवरून मागवायची, ती फाटकाच्या गजांतून आत यायची. दोन्ही बाजूंना टॉवरची कामं चाललेली, त्यामुळे खिडकीत हिरवी जाळी आणि धूळ. मी त्यांना आंघोळ घालायची, पेज भरवायची, फाटकापासून परत आणायची. आठवडेच्या आठवडे माझ्या चपलेला रस्ता लागत नसे. कधी कधी न्हाणीघरात पाणी सोडून मी नुसती उभी राहायची. तिथं तरी कोणी हाक मारत नसे.

शनिवारी संध्याकाळी रोझरीची जपमाळ म्हणून झाली की आम्ही दुसऱ्या दिवशीच्या शुभवर्तमानावर चिंतन करायला बसायचो. एकीनं उतारा वाचायचा, थोडा वेळ शांत बसायचं, मग प्रत्येकीनं आपल्याला काय वाटलं ते सांगायचं. दुसरीच्या बोलण्यावर कोणी काही बोलायचं नाही, असा नियम. नियम चांगलाच, पण त्याच्या आडोशाला कोणी खरं काहीच बोलत नसे. 'प्रभूनं मला बळ दिलं', 'मला विश्वासाची हाक ऐकू आली', अशी वाक्यं माझ्याही तोंडात तयार असायची. थोरल्या सिस्टर डोळे मिटून बसायच्या. त्यांची पाळी आली की सुपीरियर हळूच पुढं जायच्या.

ईस्टरनंतरच्या एका शनिवारी उतारा आला तो पुन्हा उठलेला येशू तळ्याकाठी शिष्यांना न्याहारी देतो, त्यानंतरचा. येशू आपल्या शिष्याला, पेत्राला सांगतो की तू तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून मनाला येईल तिकडं जायचास. म्हातारा होशील तेव्हा दुसराच कोणी तुझी कंबर बांधेल आणि तुला नको तिथं नेईल. उकाडा भयंकर होता. सुपीरियर आज्ञापालनावर बोलल्या, मनापासून बोलल्या. त्या थांबल्या, आणि थोरल्या सिस्टरांनी डोळे उघडले.

"त्याला विचारलं होतं का कुणी?" त्या म्हणाल्या.

सुपीरियरनीच नियम मोडला. "कुणाला, सिस्टर?"

"त्या म्हाताऱ्याला. कुठं जायचंय म्हणून."

पुढची पाळी माझी होती. माझं वाक्य तयार होतं, पण ते बाहेर येईना. मी म्हणाले, "मला इथं कोंडल्यासारखं होतंय. प्रार्थनेलाही मन लागत नाही. मला गोवंडीला परत जायचंय." आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. तरुण सिस्टरनं मान खाली घातली. शेवटची प्रार्थना म्हणून आम्ही जेवायला उठलो.

दुसऱ्या दिवशी सुपीरियर स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्यासमोर बसून शेंगा सोलू लागल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांनी सांगितलं की सुपीरियर व्हायचं का, हे त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं. थोरल्या सिस्टर एखाद्या डंपरखाली येतील या भीतीनं त्यांना झोप लागत नसे. कुलूप लावलं तेव्हा कुठं लागायला लागली. माझं म्हणणं प्रोव्हिन्शियलना, आमच्या बदल्या ठरवणाऱ्या वरिष्ठ सिस्टरना कळवीन, म्हणाल्या. आणि किल्ली काढून ओट्यावर ठेवली. "संध्याकाळी त्यांना फिरवून आण. हात मात्र सोडू नकोस."

मग आम्ही रोज बाजारापर्यंत जाऊ लागलो. मासळीवाल्या बायकांपाशी थोरल्या सिस्टर खुलायच्या. आम्हाला कधी न ऐकवलेल्या त्यांच्या गावच्या बोलीत त्या भावावरून हुज्जत घालायच्या, आणि घ्यायचं काहीच नसायचं. एक कोळीण त्यांना स्वतःचं स्टूल द्यायची.

मला मोकळं वाटेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. परत वळायची वेळ आली की त्या रिक्षाच्या रांगेकडं ओढायच्या. "घरी जाऊ या ना." गावातलं घर कधीच विकलं गेलं होतं. मी त्यांचं मनगट धरून त्यांना वळवायची, आणि कधी कधी त्या भर रस्त्यात रडायच्या. लोक माझ्याकडं बघायचे. आधी त्यांना कुलूप अडवत होतं, आता मी अडवत होते. आणि त्यांनीही माझा हात असा घट्ट धरलेला असायचा की मला सुटता येत नसे.

पावसाळा संपता संपता प्रोव्हिन्शियल आल्या. थोरल्या सिस्टरांना वसईकडच्या आमच्या वृद्ध सिस्टरांच्या घरी न्यायचं ठरलं होतं. गोवंडीला दुसरी नर्स गेली होती. मी बोरिवलीलाच राहून मुलींचं होस्टेल बघायचं होतं.

त्या दुपारी मी थोरल्या सिस्टरांना विचारलं, वसईला जायचंय का.

"समुद्र दिसतो?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलवेना. "नाही दिसत."

"मग नको."

मी हे जसंच्या तसं प्रोव्हिन्शियलना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे पुसले. तिथं डॉक्टर आहे, रात्रपाळीची बाई आहे, इथं काय आहे, असं म्हणाल्या. त्यांचं चूक नव्हतं. गाडी ठरल्या दिवशी आली. थोरल्या सिस्टरांना वाटलं आपण घरी चाललोय, आणि आम्ही कोणी त्यांचा तो समज दूर केला नाही.

नाताळच्या सुट्टीत मी त्यांना भेटायला गेले. त्या व्हरांड्यात बसल्या होत्या, केस छान विंचरलेले, अंगावर थोडं मांस चढलेलं. मला ओळखलं नाही. गावातली कोणी मुलगी समजल्या असाव्यात. मुलंबाळं किती, विचारलं. नाहीत म्हटलं.

"तू इथं राहतेस?"

"नाही, बोरिवलीला."

"मग जा की," त्या मायेनं म्हणाल्या. "तुला कोणी अडवलंय?"

मी चहाची घंटा होईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिले.