ताणलेला टेप आणि नऊ इंचांचा मासा

माझे भाऊजी शिंपी आहेत, आणि तळ्यावर त्यांच्याइतका सभ्य माणूस मी पाहिलेला नाही. सभ्यपणाचा इतका वैताग येऊ शकतो, हे मला त्यांच्याबरोबर मासे पकडायला जाऊ लागल्यावर कळलं. शेजारी कोणी गळ टाकून बसलं असेल, तर आपण वीस पावलं लांब बसायचं. मासा धरण्याआधी हात ओले करायचे, कारण कोरड्या हातांनी त्याचं अंग खरवडतं. तुटलेला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, दिसला की तो कोणाचाही असो, गुंडाळून खिशात. ताईला धुण्याच्या कपड्यांत तंगुसाची भेंडोळी सापडतात आणि ती माझ्यावर ओरडते.

त्यात गळ्यातला टेप. तळ्याचा नियम असा, की नऊ इंचांहून लहान मासा परत पाण्यात सोडायचा. बाकीचे नजरेनं मोजतात आणि त्यांचे सगळे मासे बरोबर नऊ इंच भरतात. भाऊजी टेप लावतात. बारा वर्षांत त्यांनी घरी आणलेले मासे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

गेल्या महिन्यात एका रविवारी ताईनं निक्षून सांगितलं, आज मासा आला नाही तर ही गळाची काठी उद्यापासून जळमटं काढायला. भाऊजी हसले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. आठवडाभर मशीनवर मान मोडणाऱ्या माणसाची तेवढीच एक सकाळ होती.

दुपारपर्यंत त्यांना एकच मासा लागला. टेपवर पावणेनऊ.

"भाऊजी, पाव इंच शिलाईत जातं," मी अजिजीनं म्हणालो.

"कापडाचं जातं," म्हणत त्यांनी मासा पाण्यात धरला, त्यानं शेपटी हलवेपर्यंत थांबले आणि सोडला. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तासाभरानं मला एक लागला. तोही पावणेनऊ. मी तो सोडणार नाही म्हणून हटून बसलो. आमचं चाललेलं असतानाच तळ्याचा राखणदार लाकडी पट्टी घेऊन आला. भाऊजींनी आपणहून सांगून टाकलं, मासा लहान आहे, दंड काय तो करा. सख्ख्या मेहुण्याला असं कोणी धरून देतं का? राखणदारानं पट्टी लावली. मासा नऊच्या वर दोन रेघा भरला.

मग पट्टीशेजारी टेप ठेवून पाहिला. वर्षानुवर्षं ओढून ओढून तो ताणला गेला होता आणि त्याचा एकेक इंच लांबला होता. दुकानात हे कळायला वावच नव्हता. माणूसही त्याच टेपनं मोजला जायचा आणि कापडही, त्यामुळे कपडे अंगाला चपखल बसायचे. चुकत होते ते फक्त मासे. राखणदार पोट धरून हसायला लागला.

मी माझा मासा पुढे केला. घरी न्या, तुम्हीच पकडला म्हणून सांगा. भाऊजी म्हणाले, "तो तुझ्या गळाला लागला."

घरी पोचल्यावर त्यांनी काठी ताईपुढे ठेवली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. ताईनं टेप हातात घेऊन खेचून पाहिला.

"बारा वर्षांत एकदाही वाटलं नाही, की भरला नऊ असं म्हणावं आणि घेऊन यावा?"

"दर रविवारी वाटायचं," भाऊजी म्हणाले.

मला त्या क्षणी भाऊजींचा फार अभिमान वाटला, आणि तिलाही वाटला असणार. तिनं काठी उचलली, कपाटामागे तिच्या जागी उभी केली आणि म्हणाली, "नवा टेप घ्या."

भाऊजींनी नवा टेप घेतला. पण वहीतली गिऱ्हाइकांची मापं जुन्या टेपची होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. नव्या टेपनं वहीवरून कापलेली पहिली पँट माझी होती. ती घालून पुढच्या रविवारी मी ताईकडे जेवायला गेलो. भाऊजींचा मासा साडेनऊ इंच भरला होता. मी पँटचं बटण सोडलं आणि दोनदा वाढून घेतलं.