मागच्या फाटकाजवळचा दगड

"झाड," तो म्हणाला.

मला वाटलं, गंमत करतोय. आम्ही नुकताच सामना जिंकला होता. एक-शून्य. मी गोलकीपर, वय वर्षं चौदा. हातात केळं, अंगावर शाळेची निळी जर्सी, दोन्ही गुडघे फुटलेले. माझ्या संघातल्या दहाही जणी ओरडत, नाचत मोठ्या फाटकातून बाहेर गेल्या. मी त्यांच्या मागे निघाले, तर चौकीदारानं काठी आडवी धरली. "तू कुठी चालली? तुही माय मागून जाते ना? मंग तूबी मागून." आणि मला मागच्या फाटकापर्यंत घेऊन आला.

माझी माय त्या मैदानावर रोजंदारीनं होती. गवत कापायचं, पाणी मारायचं, चुन्याच्या फक्कीनं रेघा मारायच्या. मागच्या फाटकाशी एक काळा सपाट दगड होता. काम सुटलं की बाया रांगेनं एकेक करून त्या दगडावर चढायच्या. पदर झाडायचा, केस सोडून झाडायचे, मग उतरून बाहेर पडायचं. मैदानावरून चोरायला होतं काय? गवत. पण पद्धत होती.

"झाड म्हणतो ना!"

रांगेतून माय म्हणाली, "झाड बाई, झाड. पटकन झाड."

मी दगडावर चढले. जर्सी झाडली. मग तो म्हणाला, मोजेबी. मी मोजे खाली केले, आणि कापूस पडला.

आधीच्या सामन्यात माझी नडगी फुटली होती. नडगीला बांधायचं पॅड घ्यायला पैसे नव्हते. म्हणून मायनं गोधडीतला कापूस काढून पुठ्ठ्याला लावला होता आणि माझ्या मोज्यात बसवला होता. तेवढाच. मूठभर. मळका.

चौकीदार हसला. खुर्चीवर बसलेले मैदानाचे सेक्रेटरी साहेबही हसले. "पोरगी कापूस घेऊन चालली हो!" हसण्यासारखंच होतं ते. पण माझी माय हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. ती धावत आली, खाली बसली, जमिनीवरचा कापूस गोळा करायला लागली. "साहेब, घरचा हाये. देवाशपथ घरचा हाये. गोधडीतला हाये. मीच ठेवला, साहेब. चूक माही हाये." इतकी गयावया. मूठभर कापसासाठी. मला तिची लाज वाटली. खोटं कशाला बोलू, चौकीदारापेक्षा जास्त राग मला तिचा आला.

घरी पोचल्यावर, दारात पुन्हा पदर झाडून, ती आत आली. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की ती घरात शिरतानाही झाडते. रोज. मी विचारलं, "एवढं काहून भेली तू?" चूल पेटवता पेटवता तिनं सांगितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

तिच्या आजीची आजी त्याच जागेवर कामाला होती. तेव्हा मैदान नव्हतं, कापसाचं आवार होतं. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत बैलगाड्यांच्या रांगा. मुंबईचे दलाल, गोरे साहेब, नवीनच आलेली आगगाडी. आवारात बाया दिवसभर कापसातला काडीकचरा वेचायच्या. आणि जाताना त्या दगडावर चढून झाडा द्यायचा, बोंडभर कापूसही बाहेर जाता कामा नये म्हणून.

ती आजीची आजी तेव्हा ओली बाळंतीण होती. बाळ फाटकाबाहेर झाडाला झोळीत टांगलेलं. दूध झिरपायचं, लुगडं भिजायचं, म्हणून तिनं चोळीत कापसाचा बोळा ठेवला. संध्याकाळी काढायला विसरली. झाडताना तो पडला.

"मंग?"

"मंग काय. तोच बोळा तिच्या तोंडात कोंबला. दगडावर उभं केलं. आवार रिकामं होईस्तोवर थुकाचं नाही म्हणे. बाहीर लेकरू रडू रडू निळं पडलं."

"वाचलं का ते?"

"वाचलं म्हणून तं आपण हावोत," माय म्हणाली. मग चुलीत काडी सारली. "आपल्या घरातली बाई तिथं कापूस नेत नसते. मले ठावं होतं. तुही नडगी पाहून मी इसरली."

मला झोप लागली नाही असं लिहायला हवं. पण मी गाढ झोपले, सामना खेळून दमले होते. भूत नंतर लागलं.

पुढची दोन वर्षं मी रोज झाडलं. सराव त्याच मैदानावर, मायची मजुरी त्याच मैदानावर. करणार काय? त्या दगडाच्या बाजूचा गोल माझा असायचा. चेंडू मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असला की गोलकीपरला काही काम नसतं. तो एकटाच उभा असतो. तेव्हा मला मागून आवाज यायचा. फट्. फट्. कापड झाडल्याचा. वळून बघितलं तर दगड आणि ऊन. भर दुपारी अंगावर काटा यायचा. एकदा अशीच वळले आणि गोल खाल्ला. मुली म्हणाल्या, लक्ष कुठं आहे तुझं? काय सांगणार? कुणीतरी तोंडात बोळा धरून माझ्या पाठीशी उभं आहे आणि मला बोलवतं आहे, हे सांगता येतं का?

त्या मैदानाचे उपयोग मला तोंडपाठ आहेत. फुटबॉलचे सामने वर्षातून चार वेळा. बाकी पुढाऱ्यांच्या सभा, सर्कस, जनावरांचं प्रदर्शन, पोलीस भरती, रावण जाळणं, बड्या घरची लग्नं. पेपरात फोटो यायचे. मी मैदान दुसऱ्या दिवशी बघायचे. सभेनंतर कागदी झेंडे, सर्कशीनंतर हत्तीची लीद, लग्नानंतर उष्ट्या पत्रावळी. माय ते सगळं उचलायची, पुन्हा पाणी मारायची, पुन्हा फक्कीनं रेघा मारायची. उलट्या पावलांनी चालत. आणि रेघ मारून झाली की तिला आत पाऊल टाकायची मनाई. सेक्रेटरी साहेबांचं एकच पालुपद, "बायांनी कडेकडेनं जा. गवत खराब होते." आम्ही खिळ्यांचे बूट घालून त्याच गवतावर धावायचो, ते चालायचं. हत्तीही चालायचा. माझ्या मायचे अनवाणी पाय चालायचे नाहीत.

मग निवड चाचणी आली. अमरावतीहून निवड करणारे आले होते. विभागाच्या संघात जायचं म्हणजे आमच्या वस्तीतून कुणी न पाहिलेलं जग. मी पेनल्टी अडवली. डावीकडे झेप घेऊन, बोटांच्या टोकांनी. माझं नाव पुकारलं गेलं. सेक्रेटरी साहेबांनी गळ्यात हार घातला, खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. "आमच्या मैदानाची पोरगी हाये!"

पाव तासानं मागच्या फाटकावर चौकीदार म्हणाला, "झाड."

हार गळ्यातच होता. मी दगडावर चढले. आणि बसले.

"नाही झाडत."

एवढंच. मी काही ठरवून आले नव्हते. माझ्या मागे रांग थांबली. चौकीदार ओरडला. सेक्रेटरी साहेब आले. त्यांना आश्चर्यच वाटलं असावं, आता तर फोटो काढला. "काय तमाशा लावला? इथली पद्धत हाये ते. बापजाद्यायपासून हाये. झाडत नसशीन तं उद्यापासून तुह्या मायले कामावर पाठवू नको."

मी मायकडे बघितलं. घरात कमावणारी ती एकटीच. मला वाटलं, आता ही मला मारणार. ती रांगेतून पुढं आली. म्हणाली, "साहेब, पोरगी लहान हाये. तिच्या वाटचं मी झाडतो." आणि तिनं पदर उचलला.

मी तिचा हात धरला.

"सोड."

"नाही."

तिनं हात ओढला. ओठ घट्ट मिटलेले, आत काहीतरी धरून ठेवावं तसे. मला कळलं, पाठीमागून मला कोण बोलवत होतं. ती बाई अजून दगडावर उभी होती, माझ्या मायच्या रूपात उभी होती. तिला अजून कुणी उतर म्हटलं नव्हतं.

"माय," मी म्हणाले, "थुक."

ती माझ्याकडे बघत राहिली. थुंकली नाही. पण तिनं पदर खाली सोडला.

मागचं फाटक उघडणार नव्हतंच. आम्ही उलट्या वळलो आणि मोठ्या फाटकाकडे निघालो. कडेनं नाही. सरळ मधून. मधल्या गोल रेघेशी माय थबकली. तिनंच सकाळी मारलेली रेघ. तिनं खाली बघितलं, लुगडं जरा वर धरलं आणि आत पाय टाकला. मागून सेक्रेटरी साहेबांची बोंब चालूच होती, "गवत! गवत खराब होईन!"

दुसऱ्या दिवशी मायचं काम गेलं. आठवड्यात अमरावतीला माझ्या बेशिस्तीचं पत्र गेलं आणि माझं नाव कापलं. विभागाकडून मी कधीच खेळले नाही. माय उरलेलं आयुष्य लोकांच्या शेतात कापूस वेचत राहिली आणि वेचता वेचताच गेली. तिला पश्चात्ताप झाला का? मी विचारलं नाही. भीती वाटली. पण त्या दिवसानंतर घरात शिरताना तिनं कधी पदर झाडला नाही.

आता मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. त्या मैदानाचं आधुनिक स्टेडियम झालंय. गॅलरी, विजेचे मोठे खांब, मोठ्या फाटकावर कमान. पुढच्या महिन्यात उद्घाटन. स्मरणिका निघतेय. मला पत्र आलं : माजी खेळाडू म्हणून 'स्टेडियमचा इतिहास आणि उपयोग' यावर दोन पानं द्यावीत. कापसाच्या सुवर्णकाळाचा उल्लेख जरूर यावा.

लिहायच्या आधी बघून यावं म्हणून परवा गेले. मागच्या फाटकावर चौकीदार नाही. खुर्ची नाही. दगड आहे. काम सुटलं, साफसफाईच्या बाया आल्या, आणि एकेक जण दगडाशी थांबून पदर झाडून बाहेर पडली. कुणी सांगितलं नाही, कुणी बघत नव्हतं. फट्. फट्. मी एका तरुण पोरीला विचारलं, "काहून झाडता वं?"

"माईत नाही बाई. इथं झाडाच लागते."

तेव्हा ही घ्या तुमची दोन पानं. छापा, नाहीतर टाकून द्या. उद्घाटनाला मी येणार आहे. मोठ्या फाटकातून नाही, मागच्या. त्या बायांचं काम सुटेल तेव्हा मी दगडाशी उभी असेन आणि एकीलाही झाडू देणार नाही. तुमची भाषणं चालू असतील, दिवे लागलेले असतील. मी त्यांना घेऊन मधून येईन. अनवाणी.

तुम्ही म्हणाल, गवत खराब होईल.

होऊ द्या.