अजून ओलं आहे

वाळवणकाका समोर येईल ती वस्तू बोट दुमडून पेराने वाजवून बघायचे. दार, टेबल, कलिंगड, आमच्या घरी आणलेला नवा पाट, काहीही. टकटक करायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. चहाला आले तरी आधी खुर्ची वाजायची, मग काका बसायचे. आम्हा मुलींची डोकीही यातून सुटली नव्हती. माझ्या डोक्यावर त्यांचं पेर पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि हातात भावाची टाकून दिलेली हॉकी स्टिक होती. काका माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगी चांगल्या झाडाची आहे जी. पण लाकूड अजून ओलं आहे."

काका वडिलांच्याच लष्करी फॅक्टरीत, लाकूडखात्यात मिस्त्री होते. मूळचे वर्ध्याकडचे, पण जबलपुरात इतकी वर्षं काढलेली की रागावले की हिंदीत रागवायचे. फॅक्टरीत आलेलं लाकूड मोठमोठ्या शेडमध्ये रचून ठेवत. दोन फळ्यांमध्ये बारक्या पट्ट्या, म्हणजे हवा खेळती राहते. अशी चळत दोन-दोन, तीन-तीन वर्षं नुसती पडून असायची, आणि काकांचं काम म्हणजे ती वाळली की नाही ते सांगणं. ओलं लाकूड वापरलं तर पुढे वाकतं, तडकतं. फळी वाजवून ते "अजून ओलं बोलते" म्हणाले की साहेबसुद्धा गप्प बसायचे. बायका उन्हात पापड घालतात तसा हा माणूस लाकडं वाळत घालतो, म्हणून आम्ही मुलींनी त्यांना वाळवणकाका हे नाव दिलं. त्यांना ते ठाऊक होतं. राग आलेला कधी दिसला नाही.

संध्याकाळचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा फॅक्टरीच्या फाटकातून बाहेर पडायचा आणि त्यातली एक सायकल, काकांची, आम्हा मुलींना हॉकी शिकवायला मैदानाकडे वळायची. आता डोळे मिटले की ते मैदानच आधी दिसतं. तांबडी माती, कडेचे निलगिरी, हिवाळ्यात जमिनीलगत तरंगणारा चुलींचा धूर, आणि त्या धुरातून पळणाऱ्या आम्ही पंधरा-सोळा मुली, सलवारींचे पाय दुमडून पिना लावलेल्या. कोण कुठे होतं ते आता नीट आठवत नाही. चेहरे धुरात विरून गेलेत. पण चेंडू स्टिकवर थांबल्याचा तो आवाज अजून येतो, आणि त्यामागून काकांचा, "आधी थांबव. मग पाह्य. मग दे."

पहिलं वर्षभर त्यांनी मला फक्त चेंडू थांबवायला लावला. ओलं गोणपाट अंथरायचे, त्यावर उभं करायचे आणि तीन बाजूंनी तीन मुली माझ्याकडे चेंडू मारायच्या. मारायचं नाही, पळायचं नाही. मी घरी येऊन रडायचे. दुसऱ्या वर्षी पाहायला शिकवलं, तिसऱ्या वर्षी द्यायला. मी सेंटर हाफला खेळायचे. मधोमध उभं राहून सगळ्या संघाला चेंडू वाटायचा, ते काम. काका म्हणायचे, सेंटर हाफ म्हणजे घरातली वाढणारी बाई, कोणाच्या पानात काय कमी आहे ते तिला न बघता कळायला पाहिजे. मला कळायचं. फक्त शेवटची दहा मिनिटं उरली आणि सामना बरोबरीत असला की माझं काहीतरी व्हायचं. डावीकडे मुलगी मोकळी उभी असली तरी माझा चेंडू उजवीकडेच जायचा. दर वेळी. काकांनी हे एकट्याने हेरलं होतं आणि मनाला लावून घेतलं होतं.

मी सतरा वर्षांची असताना राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. तिथे नाव लागलं की रेल्वेत नोकरी मिळण्याची आशा असायची. वडिलांनी घरी सरळ सांगून टाकलं होतं, नोकरी लागली तर तुझं तू बघ, नाही लागली तर मी स्थळं बघायला लागतो. त्यात काही दुष्टपणा नव्हता. माझ्या मागे दोघी बहिणी होत्या. चाचणीचा अर्ज काकांच्या सहीशिवाय जात नव्हता. मी तो घेऊन मैदानावर गेले. काकांनी अर्ज वाचला, घडी केली आणि परत दिला.

"यंदा नाही," ते म्हणाले. "शेवटच्या दहा मिनिटांत तू अजून वाकतेस. तिथे वाकलीस तर लोक तुले कायमची फेकून देतील."

मी वडिलांचं बोलणं सांगितलं. चुलीत पाणी पडल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. बराच वेळ ते स्टिकचा दांडा पेराने वाजवत राहिले. मग अगदी मायेने म्हणाले, "काहून घाई करून राहिली बापा? एका वर्षानं काय होते?"

चूक असेल तर ती या एका वाक्यात आहे, असं मला आज वाटतं. तीन-तीन वर्षं एका चळतीची वाट बघणाऱ्या माणसाला एक वर्ष म्हणजे काहीच नव्हतं. मुलीच्या आयुष्यात सतराव्या आणि अठराव्या वर्षाच्या मध्ये काय काय असतं, ते कुठल्या शेडमध्ये शिकवत नाहीत. मीही भांडले नाही. त्यांनी नाही म्हटलं म्हणजे मी ओलीच असणार, इतका माझा विश्वास होता.

कांचघर मोहल्ल्यातली बिमला त्या चाचणीला गेली. ती माझ्याहून कच्ची होती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. तिला घेतलं. पहिल्या सामन्यात तिने सगळा गोंधळ घातला, दुसऱ्यात थोडा कमी, आणि चौथ्या-पाचव्यापर्यंत तिच्याशिवाय संघाचं पान हलेना. रेल्वेत लागली ती.

पुढचं वर्ष आलं ते लढाई घेऊन. फॅक्टरीचा भोंगा कधीही वाजू लागला, वडील आणि काका दोन-दोन पाळ्या करू लागले. आमच्या मैदानावर ताडपत्र्या घातलेल्या गाड्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. चाचणी झालीच नाही. आणि लाकडासाठी तीन वर्षं थांबायला सरकारला वेळ नव्हता, म्हणून शेडशेजारी भट्टी बसवली. गरम वाफेत लाकूड काही दिवसांत वाळायचं. काकांनी ती भट्टी शत्रूसारखी मानली. हे लाकूड वर्षात तडकते की नाही पाहा, असं ते ज्याला त्याला सांगायचे. खरं-खोटं करायला त्यांनी साहेबांच्या परवानगीने तिथली एक टाकाऊ फळी घरी आणली आणि ऊन-पाऊस लागेल अशी अंगणात ठेवून दिली.

लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. काका आले, मांडवाचा खांब वाजवून बघितला, आणि माझ्याकडे न बघता पंगतीत बसले. लोक तेव्हा उघड बोलायचे की म्हाताऱ्याने पोरीचं वाटोळं केलं. काकूंनी तर चारचौघांत म्हटलं, "पोरीचं वर्ष खाल्लं तुम्ही." काका खाली मान घालून जेवत होते. मला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं आणि गेले नाही. रागावले होते मी. तो राग मी सासरी मझौलीलाही नेला आणि बरीच वर्षं सांभाळला.

यजमानांची बदली जबलपूरला झाली आणि मी नेपियर टाउनमधल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले. मुलींना मी काय शिकवणार? आधी थांबव, मग पाहा, मग दे. ओलं गोणपाटही अंथरलं. सासूबाई म्हणायच्या, शाळेतून येतेस की धोबीघाटावरून? आणि मग एके दिवशी एक नववीतली मुलगी चाचणीचा अर्ज घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. हात सुरेख होता तिचा. पण दोघी अंगावर आल्या की घाबरून डोळे मिटायची. मी पेन उघडलं आणि सही होईना. एक वर्ष थांब म्हणावं, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी अर्ज पर्समध्ये टाकला आणि शाळा सुटल्यावर रिक्षा करून कांचघरला गेले. निवृत्त झाल्यावर काका तिथे राहत होते.

अंगणात एका बाकावर बसलेले होते. इतके वाळले होते की हसू आलं. "शालन," एवढंच म्हणाले आणि सरकून जागा केली. मी मुलीबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कच्ची आहे?"

"कच्ची आहे."

काकांनी आम्ही बसलो होतो ती फळी पेराने वाजवली. मग माझा हात धरून मलाही वाजवायला लावली. आवाज खणखणीत आला.

"भट्टीतली आहे," ते म्हणाले. "लढाईच्या साली आणली होती. किती पावसाळे पाह्यले हिनं. रोज सकाळी पाहत होतो बाई, आज वाकंल, उद्या वाकंल. नाही वाकली." मग फळीवरून हात फिरवत म्हणाले, "जाऊ दे पोरीले. तिथंच वाळंल."

मी तिथेच, त्या फळीवर अर्ज ठेवून सही केली. हे शब्द मी सतरा वर्षांची असताना मला हवे होते, आणि ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला गेले म्हणून मला वाईट वाटलं; खोटं कशाला बोलू? निघताना वाकून नमस्कार केला. काकांनी सवयीने माझ्या डोक्यावर पेर वाजवलं. केस पांढरे होऊ लागले होते माझे. त्यांनी मान तिरकी केली.

"काय बोलतंय?" मी विचारलं.

"हे तर तेव्हाच वाळलं होतं," काका म्हणाले. "मलेच ऐकू नाही आलं."

तसं नव्हतं. त्या वर्षी शेवटच्या दहा मिनिटांत माझा चेंडू उजवीकडेच जात होता, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. साहेब समोर उभे असोत की लढाई दारात, या माणसाने लाकडाबद्दल जन्मात कधी खोटं सांगितलं नव्हतं. माझ्याबद्दल मात्र सांगितलं.