दादानं राखलेलं गाव

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्यात दुकानाचं शटर उघडत होतो. चहा पिता पिताच कोसळला, एवढंच वहिनी सांगू शकली... तेरवी होऊन महिना झाला. लिहायला बसलो तर दुःखाच्या आधी लाजच वर येते.

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. मी भंडाऱ्याला धंद्याला लागलो, दादा पुनर्वसनाच्या वस्तीत राहून धान पिकवत राहिला. पोरगा पुण्याला गेल्यावर घरी उरलेल्या कॉम्प्युटरवर साठीला टेकलेला हा माणूस गेम खेळायचा. तलवारी, जादूगार, राक्षस... आम्ही दोघांनी हिंदीत पाहिलेल्या सिनेमांच्या मालिकेवरचा. आपण त्यातला एक शिलेदार व्हायचं, गावोगाव हिंडायचं, लोकांची कामं घ्यायची. मी गेलो की टोमणे मारायचो. तो हसायचा. "तू कायले जळून रायला? एकदा बसून त पाय."

सुतकात टीव्ही बंद. येणाऱ्याजाणाऱ्यांना तेच तेच सांगून जीव विटला होता. एका दुपारी दादाच्या खोलीत आवाज बंद करून गेम लावला, नुसता पाहायला म्हणून. त्याचा शिलेदार नदीकाठच्या एका गावात उभा होता. मुखियानं सांगितलेलं काम घेतलं, किल्ल्यावर गेलो, आणि खोटं कशाला बोलू, जाम मजा आली. जेवायची हाकसुद्धा ऐकू आली नाही. राक्षस पडला तशी मी चक्क टाळी वाजवली, भावाच्या सुतकात, त्याच्याच खुर्चीत बसून. परतलो तर मागे शत्रूनं ते नदीकाठचं गाव जाळलेलं. गेमची गोष्टच तशी होती. मला काही वाटलं नाही. पुढचं काम शोधायला लागलो.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी वहिनी खोलीत येऊन बसली. "भाऊजी, ते नदीवरचं गाव लावून द्या न जरा. पुढं गेलं का ते गाव जाते म्हणून हे तेथून हलतच नव्हते. रोज साऱ्यांशी बोलत अन् बंद करत. मलेबी बसवत जवळ."

दादा जिथं थांबला होता ती जागा पुसून गेमनं आपोआप माझी ठेवली होती. मागे जायची सोय नव्हती. मी म्हणालो, कॉम्प्युटर बिघडला.

"मंग राहू द्या. दुरुस्त झाला का दाखवा," म्हणत तिनं दादाचा खांद्यावरचा धुतलेला दुपट्टा त्या पडद्यावर पांघरला, धूळ बसू नये म्हणून. अजून तो तसाच आहे.

वहिनी पेपरची ही पुरवणी वाचते. वहिनी, तोंडानं सांगायची माझी हिंमत झाली नाही. कॉम्प्युटर चांगला आहे. गाव माझ्या हातानं गेलं.